झेंडा कोण धरणार

आमच्या मंडळाच्या नियमावलीतले सर्वांत लहान कलम लाल झेंड्याचे आहे. रेडिओवर चालणारी लहान विमाने बांधणे आणि उडवणे हा आमचा छंद. रविवारी मैदानावर जमल्यावर चिठ्ठ्या टाकून एका सभासदाच्या हाती झेंडा दिला जातो. तो सभासद त्या दिवशी विमान उडवत नाही, फक्त पाहतो. त्याने झेंडा वर केला की समोर कोणीही असो, विमान उतरवायचे; अजून उडाले नसेल तर इंजिन बंद करायचे. कारण विचारायचे नाही. कारण नंतर, चहाच्या वेळी.

हे कलम तात्याराव मेहेंदळे यांनी लिहिले. मंडळ त्यांनीच स्थापन केले आणि तेव्हापासून तेच अध्यक्ष होते. "वाद घालणारा माणूस विमानाकडे बघत नाही," एवढेच स्पष्टीकरण त्यांनी कलम मांडताना दिले होते. मी मंडळाचा सचिव. तंत्रनिकेतनात मी तात्यारावांच्या मागच्या वर्गात होतो, आणि पुढेही बहुतेक बाबतींत त्यांच्या मागेच राहिलो.

मैदान आमचे नाही. पुण्याजवळ मांजरी गावात सर्जेरावांचे उसाचे रान आहे. ऊस तुटून गेल्यावर त्यातला एक पट्टा मोकळा राहील तोवर ते आम्हाला वापरू देतात आणि आम्ही त्यावर रोलर फिरवून धावपट्टी करतो. बांधापलीकडे पूर्वी पेरूची बाग होती. तिथे आता नवी घरे झाली आहेत आणि घरांपुढच्या रस्त्यावर मुले दिवसभर सायकली फिरवतात. जानेवारीच्या सुरुवातीला आमच्या एका सभासदाचे विमान भरकटून त्या बाजूच्या पत्र्याच्या शेडवर पडले. कोणाला लागले नाही. दुसऱ्या दिवशी सर्जेराव शनिवार पेठेत तात्यारावांच्या घरी आले आणि दारातच उभे राहिले.

"मेहेंदळेसाहेब, हे एक झालं. आता दुसरं झालं तर रान नांगरून टाकीन. मला त्या लोकांत ऱ्हायचं हाय."

तात्यारावांनी त्यांना शब्द दिला. पुण्याच्या आसपास इतका सपाट, तारा आणि झाडे नसलेला पट्टा आता दुसरीकडे मिळत नाही. हे मैदान गेले की मंडळ केवळ कागदावर उरणार होते.

वार्षिक दिवस त्याच महिन्याअखेरीस आला. सकाळी उड्डाणे, मग चहा, मग सर्वसाधारण सभा आणि अध्यक्षपदाची निवडणूक, असा क्रम मी महिनाभर आधी कळवला होता. निवडणूक दरवर्षी असे, पण तात्यारावांच्या विरोधात कधी कोणी उभे राहत नसे. या वर्षी उपाध्यक्ष दिग्विजय काकडे उभे होते. त्यांचा बांधकामाचा व्यवसाय, वागणे गोड, हाताखाली माणसे. मंडपही त्यांनीच घालून दिला होता.

झेंड्याची चिठ्ठी शेफाली बोरकुटे यांच्या नावाची निघाली. शेफाली मूळच्या चंद्रपूरच्या, नोकरी खराडीच्या एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची, आणि सभासद होऊन त्यांना फार काळ झाला नव्हता. त्या कमी बोलत आणि त्यांची विमाने क्वचितच पडत.

"चला, आज टेस्टिंग डिपार्टमेंटचं राज्य," दिग्विजय म्हणाले. "तात्या, तुमचं विमान पास होतंय का बघा."

"माझं होईल," तात्याराव म्हणाले. "तुमचं मागच्या वेळी धावपट्टीवरच नापास झालं होतं, म्हणून विचारताय का?"

लोक हसले. दिग्विजयही हसले.

तात्यारावांचे ते विमान मंडळातले सर्वांत मोठे होते. पिवळे, पेट्रोल इंजिनाचे. पंख जोडल्यावर मोटारीच्या टपाहून लांब. तात्याराव गेले वर्षभर त्यावर काम करत होते आणि त्या दिवशी विमान प्रथमच उडणार होते. सर्जेरावांनी घरातली, शेजारची माणसे आणली होती. बांधाच्या अलीकडे सतरंज्यांवर बायका बसल्या होत्या, मुले उभी होती. पलीकडच्या घरांच्या गच्च्यांवरही माणसे दिसत होती. हे विमान वजनाला सात-आठ विटांएवढे होते आणि पुढच्या पंख्याला धार होती. ते बांधाच्या बाजूला गेले असते तर पत्र्याच्या शेडवर भागले नसते.

उड्डाणापूर्वीची तपासणी मंडपात झाली. तात्यारावांनी ट्रान्समीटर, म्हणजे विमान चालवायचा रिमोट, हातात घेऊन त्यावरच्या अंगठ्याने हलवायच्या काड्या हलवल्या. शेफाली शेपटीजवळ उभ्या राहून पंखांच्या आणि शेपटीच्या पट्ट्या योग्य दिशेने हलतात का ते पाहत होत्या. मी मतपत्रिका मोजत जवळच बसलो होतो.

"सर, एकदा परत दाखवता?" शेफालींनी विचारले. "एलिव्हेटर. प्लीज."

एलिव्हेटर म्हणजे शेपटीची आडवी पट्टी. विमान वर जाते की खाली, ते तिच्यावर ठरते.

"बघितलंत ना आत्ता?"

"बघितलं. म्हणूनच परत म्हणते."

"बोरकुटेबाई, वारा वाढायच्या आत मला हे उडवायचं आहे. दिशा बरोबर आहे?"

"दिशा बरोबर आहे सर, पण..."

"मग झालं." त्यांनी ट्रान्समीटर बंद केला.

विमान धावपट्टीच्या टोकाला नेले गेले. दिग्विजयांनी पंख्याला झटका दिला, इंजिन धडधडले आणि मग एका सुरात लागले. सतरंज्यांवरची मुले उठून उभी राहिली. तात्यारावांनी विमानाचे नाक वाऱ्याकडे केले.

शेफालींनी झेंडा वर केला.

इंजिनाच्या आवाजात कोणाला बोलता येत नव्हते, म्हणून बराच वेळ काहीच घडले नाही असे वाटले. शेफाली धावपट्टीच्या कडेला हात सरळ वर करून उभ्या होत्या. तात्याराव त्यांच्याकडे पाहत होते आणि इंजिन चालूच होते. नियमाप्रमाणे ते एव्हाना बंद व्हायला हवे होते. मी उठून उभा राहिलो. मग त्यांचा अंगठा हलला आणि आवाज थांबला.

"काय झालं?" तात्यारावांनी विचारले.

"चहाच्या वेळी सांगते, सर."

"मी विचारतोय."

"रूल आहे सर. तुमचाच आहे."

तात्याराव माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी अनेक वर्षे पाहत आलो होतो, पण असा पाहिला नव्हता. "श्रीधर, आज निवडणूक आहे. सगळा गाव बघायला बसलाय. आणि बरोबर आजच माझ्या विमानावर झेंडा. यांना कोणी सांगितलं असेल, तुला काय वाटतं?"

"मला काहीच वाटत नाही, तात्याराव. झेंडा वर आहे."

"झेंडा म्हणजे झेंडा," दिग्विजय मागून म्हणाले. आवाज सतरंजीपर्यंत पोहोचेल एवढा होता. "अध्यक्षांनाही तोच नियम. आपण सगळे तात्यांकडूनच शिकलो."

तात्यारावांच्या मनातला संशय त्या वाक्याने पक्का झाला असावा. त्यांनी ट्रान्समीटर गळ्यातल्या पट्ट्यावर सोडला आणि म्हणाले, "झेंड्याचा निर्णय सर्वसाधारण सभा बदलू शकते. सगळे सभासद इथंच आहेत. सभा आत्ता भरव."

"क्रमाप्रमाणे सभा चहानंतर..."

"अध्यक्षाला तातडीची सभा बोलावता येते. मी बोलावतोय. गणसंख्या आहे का?"

गणसंख्या होती. उन्हात, धावपट्टीच्या कडेला, सगळे माझ्याभोवती गोळा झाले. तात्यारावांनी स्वतः ठराव सांगितला: आजच्या उड्डाणापुरता झेंड्याचा निर्णय रद्द करावा.

मला एक गोष्ट बोलणे भाग होते. "तात्याराव, ठराव तुमच्याबद्दल आहे. या विषयापुरतं तुम्हाला अध्यक्षस्थानी राहता येणार नाही."

ते बाजूला झाले. उपाध्यक्ष म्हणून दिग्विजय पुढे आले. त्यांनी आधी तात्यारावांकडे पाहिले, मग सतरंजीकडे. आत्ताच झेंड्याची बाजू घेतलेल्या या माणसाचा हिशेब मला तेव्हा समजला. उड्डाण थांबले तर तात्यारावांची शोभा होणार होती. उड्डाण झाले, तर परवानगी देण्याचा मोठेपणा दिग्विजयांचा. आणि पुढे काही बिघडले तर दोष उडवणाऱ्याचा. दोन्ही वाटा त्यांना सोयीच्या होत्या.

"माझं वैयक्तिक मत सांगू?" ते म्हणाले. "तात्यांच्या अनुभवापुढे आपण कोण? बोरकुटे मॅडमनी त्यांचं काम केलं, त्यांचंही कौतुक. पण एवढी माणसं आलीत. ठरावाच्या बाजूने हात वर करा."

हात वर झाले. एकेक करत, एकमेकांकडे पाहत. यातल्या बहुतेकांना विमान उडवायला तात्यारावांनीच शिकवले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत हात खाली ठेवणे सोपे नव्हते. विरोधात थोडेच हात होते. सचिवाला मत नसते. मी मोजले आणि सांगितले, "ठराव मंजूर."

शेफालींनी झेंडा खाली घेतला. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मीटिंगचा निर्णय मान्य. पण मग हा मी धरणार नाही. आता तो दुसरं कोणीतरी घ्या." कोणी पुढे आले नाही, तेव्हा त्यांनी झेंडा धावपट्टीच्या कडेला मातीत ठेवला आणि त्या मागे सरकल्या.

झेंडाधारकाशिवाय उड्डाण नाही, हे कलम सगळ्यांना पाठ आहे.

"घ्या कोणीतरी," दिग्विजय म्हणाले.

"तुम्हीच घ्या की," कोणीतरी म्हटले.

"मी सभा चालवतोय. अध्यक्षस्थानी असताना मला कसं चालेल?"

ज्यांनी हात वर केले होते त्यांच्याकडे मी क्रमाने पाहिले. एकजण चष्मा पुसू लागला. एकाला आपल्या विमानाची बॅटरी चार्जिंगला लावल्याचे आठवले. झेंडा हाती घेणे म्हणजे विमान बांधाकडे वळलेच तर ते मी पाहत होतो आणि मी थांबवले नाही, असे नंतर म्हणावे लागणार होते. हात वर करताना त्यांचा हात बाकीच्या हातांत मिसळून गेला होता. झेंडा मात्र एकट्याला धरावा लागणार होता.

सर्जेराव सतरंजीवरून उठून आले. "काय चाललंय? उडनार हाय का न्हाय?"

"उडणार," तात्याराव म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "श्रीधर, तू घे."

त्यांच्या स्वरात आज्ञा नव्हती. जवळजवळ विनंती होती, आणि तीच मला अधिक जड वाटली. शेफालींनी काय पाहिले ते मला माहीत नव्हते. विमानात दोष आहे की नाही, हेही माहीत नव्हते. एवढेच माहीत होते की ज्या बाईने ते जवळून तपासले, तिला ते उडायला नको होते, आणि ज्याने ते बांधले, तो एका साध्या प्रश्नाचे उत्तर द्यायला तयार नव्हता. माझ्या मित्राला मी त्या क्षणी हवा होतो, आणि बांधापलीकडे एक मुलगी सायकलवरून उतरून आमच्याकडे टक लावून पाहत होती.

मी वाकून झेंडा उचलला. तात्यारावांनी लगेच ट्रान्समीटर हाती घेतला.

मी झेंडा वर धरला.

"श्रीधर."

"हो."

"ठराव मंजूर झालाय."

"तो शेफालींच्या झेंड्याबद्दल होता. आता झेंडाधारक मी आहे. माझ्याविरुद्ध सभा भरवायची असेल तर भरवा. मी मतं मोजीन. पण तोवर हा खाली येणार नाही."

दुसरी सभा भरवा, असे कोणी म्हटले नाही. पश्चिमेकडून वारा सुटला होता. मंडपाची झालर फडफडू लागली. तात्यारावांनी आधी वाऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. ते माझ्याशी यापुढे कधी बोलतील, असे मला वाटले नाही. ते वळले आणि मंडपाकडे चालू लागले. विमान आम्हीच उचलून त्यांच्या मागे नेले.

चहा ओतला गेला, पण बराच वेळ कोणी प्यायले नाही.

"कारण सांगा," तात्याराव शेफालींना म्हणाले.

"सर, चेकिंगच्या वेळी एलिव्हेटर थरथरत होतं. काडी स्थिर होती, असं मला वाटलं, आणि तरी ते बारीक हलत होतं. सिग्नल तुटत असेल, नाहीतर कुठलं तरी कनेक्शन लूज असेल. इंजिन सुरू झाल्यावर व्हायब्रेशनने ते पूर्ण सुटू शकतं. तुम्ही परत दाखवलं असतं तर मी नीट बघितलं असतं."

"आत्ता बघा."

त्यांनी ट्रान्समीटर सुरू करून टेबलावर ठेवला आणि हात काढून घेतला. सगळे शेपटीभोवती वाकले. पट्टी निश्चल होती. दिग्विजयांच्या माणसाने विमान घट्ट धरले, इंजिन सुरू केले. पंख्याच्या वाऱ्याने मंडपातले कागद उडाले. पट्टी हलली नाही. शेफालींनी ट्रान्समीटर उचलून पार बांधापर्यंत नेला, जमिनीवर ठेवला, परत आणला. काहीही नाही. इंजिन बंद केले.

"म्हणजे विमानात काहीच नव्हतं," दिग्विजय म्हणाले. ते आता सगळ्यांकडे तोंड करून उभे होते. "एवढ्या ज्येष्ठ माणसाचा गावासमोर अपमान, आणि कशासाठी? कशासाठीच नाही. मला वाटतं, आपण हे झेंडा प्रकरण एकदा नीट विचारात घ्यायला हवं. निदान पदाधिकाऱ्यांना तरी ते लागू नको."

काही माना डोलल्या. शेफालींचा चेहरा उतरला होता. माझ्या हातातला झेंडा मी अजून खाली ठेवला नव्हता, हे मला तेव्हा जाणवले.

"दिग्विजय, बसा," तात्याराव म्हणाले.

त्यांनी टेबलावरचा ट्रान्समीटर हातात घेतला. दोन्ही अंगठे काड्यांवर ठेवले आणि हलवले नाहीत. "आता बघा."

पट्टी थरथरू लागली. अगदी बारीक, अखंड. काय पाहतो आहोत ते आम्हाला कळायला थोडा वेळ लागला. आम्ही पट्टीकडून त्यांच्या हातांकडे पाहिले. उजवा अंगठा थरथरत होता, आणि ती थरथर रेडिओवरून शेपटीपर्यंत जशीच्या तशी पोहोचत होती.

"दिवाळीपासून आहे," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, वाढेल. सिग्नल उत्तम आहे. इतका उत्तम की काही लपत नाही. दाखवलं असतं तर बोरकुटेबाईंनी ओळखलं असतं, म्हणून परत दाखवलं नाही."

शेफाली शेपटीपासून मागे सरकल्या.

"उडालं असतं का? उडालं असतं, बहुधा. उतरवताना काय झालं असतं, ते मला ठाऊक नाही. सकाळीही ठाऊक नव्हतं, आणि तरी मी माझंच कलम मोडायला सभा भरवली." त्यांनी ट्रान्समीटर खाली ठेवला, पट्टी स्थिर झाली. "श्रीधर, निवडणुकीतून माझं नाव काढ. आणि दिग्विजयांची सूचना क्रमात घे, मला विरोधात मत द्यायचं आहे."

सर्जेराव मंडपाच्या खांबाला टेकून हे सगळे ऐकत होते. "आमी इमान बघायला आलतो," ते म्हणाले, "तुमी सभाच दावली. न्हाय, बरी झाली." मग तात्यारावांकडे पाहून, "रान उन्हाळ्यापतोर मोकळंच हाय, साहेब."

सभा क्रमाप्रमाणे झाली. पदाधिकाऱ्यांना झेंड्यातून वगळण्याची सूचना मी वाचली, तेव्हा तिला अनुमोदक मिळाला नाही. दिग्विजयांनी ती हसत मागे घेतली. अध्यक्षपदाला एकच नाव उरले होते, त्यामुळे मतपत्रिका वाटाव्या लागल्या नाहीत. दिग्विजय काकडे बिनविरोध अध्यक्ष झाले, आणि मी तसे इतिवृत्तात लिहिले. हे मला आवडले नाही. पण नियमाने झाले होते.

मंडप सुटत असताना तात्याराव विमानाचे पंख काढत होते. मी स्क्रू धरायला गेलो. त्यांनी नको म्हटले नाही. शेफाली जवळ आल्या.

"सर, सॉरी. माझं कारण चुकलं."

"कारण चुकलं," तात्याराव म्हणाले. "झेंडा नाही चुकला."

"तुम्हाला राग आलाय का?"

"आलाय. आठवडाभर राहील." त्यांनी पंख कापडात गुंडाळला. "आणि तुम्ही झेंडा मातीत ठेवलात, ते मुळीच आवडलं नाही. श्रीधर, तो यांच्याकडे दे. घरी नेऊन स्वच्छ धुऊन आणा, बोरकुटेबाई. पुढच्या रविवारी नवे अध्यक्ष उडवणार आहेत. लांबून नीट दिसायला हवा."